वायफाय ४, ५ की ६? आधी घराच्या भिंती बघा

राऊटरच्या खोक्यावर १२००, १५००, १८०० असे आकडे ठळक छापलेले असतात आणि दुकानात सगळं बोलणं त्यांच्याभोवतीच फिरतं. हा आकडा म्हणजे नुसती बेरीज. एसी (ही वायफाय ५ ची खूण) १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस, मिळून साधारण बाराशे. हे वेगही कागदावरचे, आणि तुमचा फोन एका वेळी सहसा एकाच बँडवर, म्हणजे या दोनपैकी एकाच लहरींच्या पट्ट्यावर, असतो. त्यामुळे बाराशे त्याच्या वाट्याला येतच नाहीत. आधी बँड बघा, आकडा मग.

२.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, भिंतीतूनही बरा जातो. अडचण गर्दीची आहे. एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे बँडमधल्या वाटा, तिथे तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीतले सगळे राऊटर तेवढ्यातच दाटीवाटीने बसतात, वर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही तिथेच. आमच्याकडे मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं की ओट्याजवळचा व्हिडिओ कॉल अडखळायचा. फोन ५ वर नेला आणि त्रास संपला.

५ गिगाहर्ट्झला जागा ऐसपैस आहे. भारतात २०१८ साली या बँडचा मोठा भाग परवानामुक्त झाला, त्याने आणखी मोकळीक मिळाली. मात्र भिंत मध्ये आली की जोर झपाट्याने उतरतो. विटांची एखादी भिंत चालून जाते. आरसीसीचा स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा मध्ये आला की अवघड. कोकणातल्या आमच्या चिऱ्याच्या घरात राऊटर पडवीत आहे. माजघरापर्यंत ५ छान चालतो, मागच्या खोलीत तो दिसेनासा होतो आणि २.४ कसाबसा तग धरतो.

आता पिढ्या. वायफाय ४ हे २००९ चं मानक दोन्ही बँडवर चालतं, पण ३०० लिहिलेले स्वस्त राऊटर बहुधा फक्त २.४ चे असतात. नवीन घेताना ते टाळाच. वायफाय ५ आलं २०१३ च्या सुमारास आणि ते फक्त ५ गिगाहर्ट्झसाठी आहे. म्हणजे वायफाय ५ च्या राऊटरची २.४ ची बाजू जुन्या वायफाय ४ चीच. मागच्या खोलीत तुम्ही २.४ वरच असाल, तर या पिढीबदलाने तिथे काहीच सुधारत नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही.

वायफाय ६ ने दोन्ही बँड सुधारले. वेगापेक्षा मला त्यातली वाटणी मोलाची वाटते. एकाच फेरीत ते अनेक उपकरणांना थोडंथोडं देऊ शकतं. घरात चार फोन, टीव्ही, लॅपटॉप आणि कॅमेरे असतील तर फरक कळतो, अर्थात ती उपकरणंही वायफाय ६ ची हवीत. फक्त खोक्याची मागची बाजू वाचा. एएक्स (ही वायफाय ६ ची खूण) १५०० मध्ये २.४ ला बऱ्याचदा ३०० च लिहिलेलं असतं, म्हणजे ती बाजू बहुतेक जुनीच. एएक्स १८०० मध्ये तिथे ५७४ दिसतं. दोन्हींतून निवडायचं असेल तर मी डोळे झाकून १८०० घेईन.

वायफाय ७ चं प्रमाणन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्याचे ३२० मेगाहर्ट्झचे रुंद चॅनेल ६ गिगाहर्ट्झ बँडसाठी आहेत. शंभर-दोनशे एमबीपीएसच्या प्लॅनसाठी त्यावर पैसे घालू नका.

पोर्टकडे, म्हणजे केबल लावायच्या खाचांकडे, मात्र नक्की बघा. १०० एमबीपीएसचे पोर्ट असलेला राऊटर २०० च्या प्लॅनवर लावलात, तर वायफाय कितीही नवं असो, शंभराच्या आतच अडकाल. पोर्ट गिगाबिटचेच (१००० एमबीपीएसचे) हवेत.

आणि चिरेबंदी घर असेल तर महागड्या राऊटरपेक्षा केबल बरी. आम्ही माळ्यावरून पंधरा मीटर केबल ओढली आणि मागच्या खोलीत जुनाच राऊटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेलं नेट तिथे वायफायने पसरवायला, लावला. आता परसात विहिरीपाशीही रेंज येते.