छपरासाठी भट्टीत सुकवलेले पाइन : कोल्हापुरातील खरेदीचा अनुभव

पन्हाळ्याच्या बाजूच्या घरावर मंगलोरी कौलांचे छप्पर घालायचे होते. सागवान परवडत नव्हते आणि लोखंडी कैच्या घरात कोणालाच नको होत्या, म्हणून वासे आणि रिपांसाठी श्रेणीचा शिक्का असलेले, भट्टीत सुकवलेले अमेरिकी सदर्न पाइन कोल्हापुरातील एका वखारीतून घेतले. त्यावरून एक पावसाळा गेला आहे. माल चांगला निघाला. परंतु तो ज्या पद्धतीने विकला जातो, त्यात ग्राहकाने डोळ्यांत तेल घालून पाहावे असे बरेच काही आहे.

पहिली गोष्ट शिक्क्याची. आमच्या वाशांवर गिरणीचा क्रमांक, तपासणी संस्थेचे चिन्ह, श्रेणी क्रमांक 2 आणि ‘केडी 19’ असे छापलेले होते. त्यातील शेवटच्या खुणेचा अर्थ असा की, लाकूड भट्टीत सुकवून त्यातील ओलावा 19 टक्के किंवा त्याहून खाली आणलेला आहे. याउलट, अन्य एका ठिकाणी ‘भट्टीचाच माल आहे’ म्हणून जे पाइन दाखवण्यात आले, त्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि ‘एचटी’ एवढीच अक्षरे होती. ही खूण पॅकिंगच्या लाकडाची असते. कीड मरावी म्हणून लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान 30 मिनिटे ठेवले, एवढेच ती सांगते. लाकूड सुकले आहे की नाही, ते किती भार पेलेल, याच्याशी तिचा संबंध नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत यंत्रसामग्री अशाच पेट्यांतून येत असते, तेव्हा असे लाकूड बाजारात दिसणे नवलाचे नाही. ते छपराला वापरू नये, इतकेच.

दुसरी गोष्ट घनफुटाची, आणि खरा पैसा येथेच जातो. अमेरिकी मापात ज्याला दोन बाय सहा म्हणतात, तो वासा रंधून झाल्यावर प्रत्यक्षात दीड बाय साडेपाच इंच, म्हणजे 38 बाय 140 मिलिमीटर भरतो. नावाच्या मापाने बारा फुटी वाशाचा हिशेब बरोबर 1 घनफूट होतो, प्रत्यक्ष मापाने मात्र 0.69 घनफूट. एका वखारीने स्वस्त वाटणारा दर सांगून नावाच्या मापाने बिल मांडले होते. आम्ही जेथून घेतले तेथे दर चढा होता, पण टेप लावून प्रत्यक्ष मापावर आकारणी झाली आणि एकूण खर्च कमीच आला. दर विचारण्याआधी माप कोणते धरणार हे विचारावे, आणि इंजिनीअरलाही आकडेमोडीसाठी प्रत्यक्ष मापच द्यावे.

ओलावा मोजण्याचे मीटर आम्ही सोबत नेले होते. वाशाची टोके लवकर सुकतात, त्यामुळे तेथील आकडा फसवा असतो. टोकापासून दोन-अडीच फूट आत सुया टोचल्या, तेव्हा बंडलाच्या वरच्या थरात 14 ते 16 टक्के, तर फरशीला टेकलेल्या तळच्या वाशांत 22 टक्के ओलावा दिसला. भट्टीत सुकवलेले लाकूडही कोल्हापूरच्या पावसाळी हवेत पुन्हा ओल धरते, हे ठाऊक असूनही माल ओंडक्यांवर उचलून न ठेवणे हा वखारीचा निष्काळजीपणाच म्हणायचा. तळचे वासे मात्र त्यांनी कुरकुर न करता बदलून दिले.

आमच्या मिस्त्रींनी माल पाहताच ‘साहेब, हे खोक्याचं लाकूड’ म्हणून नाक मुरडले होते. करवत चालवल्यावर त्यांचा सूर बदलला, कारण सदर्न पाइनच्या वलयांतील गडद पट्टा चांगलाच कठीण असतो आणि न्यूझीलंडच्या पाइनपेक्षा ते वजनाला भारी लागते. टोकांजवळ खिळा थेट ठोकला की ते चिरते. तेथे आधी ड्रिलने भोक पाडून स्क्रू बसवावा लागला. क्रमांक 2 श्रेणीत गाठी असायच्याच, तथापि त्यांच्या आकाराला आणि जागेला मर्यादा असते. ज्या थोड्या वाशांनी पीळ धरला, त्यांच्या छेदात झाडाचा मधला गाभा स्पष्ट दिसत होता. असे वासे आधीच बाजूला काढावेत. काही फळ्यांवरच्या निळसर बुरशीच्या डागांबद्दल पुष्कळ लोक हुज्जत घालतात, पण त्याने रूप बिघडते, ताकदीत फारसा फरक पडत नाही.

वाळवीच्या बाबतीत मात्र पाइनवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. सुकवलेले म्हणजे वाळवीपासून सुरक्षित, असा समज विक्रेतेही सर्रास पसरवतात. आम्ही बोरॉनयुक्त रसायनाची प्रक्रिया करून घेतली आणि प्रत्येक कापलेल्या टोकाला पुन्हा ब्रशने हात मारला. हे रसायन पावसाच्या पाण्याने धुऊन जाते, म्हणून कौलांच्या आतल्या भागापुरतेच ते चालते. पागोळ्या जेथे थेट अंगावर येतात त्या बाहेरच्या फळीसाठी आम्ही जुने सागवानच वापरले.