सरकलेली गादी: शस्त्रक्रिया की व्यायाम आणि वाट पाहणे
मणक्यातील गादी सरकून नस दबल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी निर्णय आपल्यावर सोडला, की माणूस एमआरआयचा अहवाल पुन्हा पुन्हा वाचू लागतो. मीही वाचला. परंतु कसलीही तक्रार नसलेल्या विशीतल्या सुमारे 30 टक्के लोकांच्या एमआरआयमध्येही फुगलेली गादी दिसते, म्हणून त्या कागदापेक्षा आपले दुखणे पायात अधिक आहे की कंबरेत, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटले.

शस्त्रक्रियेची खरी ताकद पायात दिसते. नसेवर दाब देणारा तुकडा काढला, की पोटरीपर्यंत जाणारी कळ बहुधा लवकर थांबते. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका, म्हणजे नस दबून पायात उतरणारी कळ, असलेल्या 283 रुग्णांचा एक अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला व 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम आधी पडला, मात्र वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच होते. वाट पाहणाऱ्यांपैकी 39 टक्के जणांनी त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घेतलीच, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

माझा निर्णय मोज्यांनी केला. पायातल्या मुंग्या मी सहन करत होतो, पण सकाळी उठल्यावर वाकून मोजे घालता येत नसत, आणि रोज दुसऱ्या कोणाला तरी हाक मारण्याची ती लाज कळेपेक्षा अधिक बोचे. रात्रभर आडवे राहिल्याने गादी पाणी शोषून फुगते आणि म्हणून सकाळचे वाकणे सर्वांत अवघड जाते, हे पुढे समजले. शल्यविशारदांना मी नेमके तेवढेच विचारले. पाय मोकळा होण्याची आशा त्यांनी दिली, कंबरेच्या आखडण्याबद्दल मात्र शब्द दिला नाही.

मग व्यायामच धरला. तिसऱ्या आठवड्यात कंबर आधीपेक्षा जास्त दुखू लागली आणि मी तो सोडण्याच्या बेतात होतो. तेव्हा फिजिओथेरपिस्टने लक्षात आणून दिले, की पोटरीतले दुखणे आता मांडीपर्यंतच उरले आहे, आणि दुखणे असे वर सरकत कंबरेकडे येणे हे सहसा सुधारणेचे लक्षण असते. निसटलेला तुकडा अनेकदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, हेही तेव्हाच कळले. मोजे घालायला मला चार महिने लागले, तेही उठल्यावर तासाभराने.

लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा सुटणे, गुदद्वार व जांघांच्या आतील भाग बधिर होणे, ही लक्षणे दिसल्यास मात्र ही तुलना लागूच होत नाही. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. पायाचा पंजा वर उचलता येईनासा झाला, तरी दिवस घालवू नयेत. आणि कंबर ठीक असून केवळ पायाच्या कळेने आठव्या आठवड्यातही कोणाला झोप लागत नसेल, तर त्याला मी व्यायामाचा आग्रह करणार नाही.