पुरुष हंसांचे ‘स्वान लेक’ आणि समोरचा प्रेक्षक

इंग्लिश नृत्यरचनाकार मॅथ्यू बोर्न यांचे ‘स्वान लेक’ हे बॅले, म्हणजे नृत्यनाट्य, पहिल्यांदा रंगमंचावर आले ते नोव्हेंबर १९९५ मध्ये, लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात. त्याच नाट्यगृहात डिसेंबर २०२४ मध्ये मी त्याचा प्रयोग पाहिला. माझ्या पुढच्या रांगेत पांढरा जाळीदार झगा घालून आलेली सहा-सात वर्षांची एक मुलगी बसली होती आणि तळ्याचा प्रवेश सुरू झाला तरी ती आजीला विचारत होती की, हंस झालेल्या मुली केव्हा येणार. पारंपरिक कथेत शापाने हंस झालेल्या मुली आणि त्यांच्यातल्या एकीवर भाळणारा राजपुत्र असतो. इथे मुली येणारच नव्हत्या. उघड्या छातीचे, अनवाणी, पिसांसारख्या झिरमिळ्यांच्या विजारी घातलेले आणि कपाळापासून नाकापर्यंत काळा पट्टा रंगवलेले पुरुष हेच इथले हंस आहेत.

आपल्याला बालगंधर्वांची परंपरा ठाऊक असल्यामुळे पुरुष म्हटल्यावर स्त्रीपार्ट आठवतो. इथे मात्र कोणी स्त्रीचे सोंग घेतलेले नाही. हंस हा मुळात दांडगा आणि प्रसंगी अंगावर धावून येणारा पक्षी आहे, एवढी एकच गोष्ट बोर्न यांनी गांभीर्याने घेतली आहे. पावले धपधप वाजतात, नर्तक फिस्कारतात, आणि पुढच्या रांगांपर्यंत त्यांचा श्वास ऐकू येतो. चार पिलांच्या प्रसिद्ध नृत्यात पारंपरिक प्रयोगातल्या नर्तकी एकमेकींचे हात गुंफून एका लयीत सरकतात. इथली चार पिले गल्लीतल्या टारगट पोरांसारखी बागडतात, आणि त्या दिवशीचे सभागृह तिथे मनमोकळे हसले. त्यानंतर राजपुत्र आणि हंस यांचे युगुलनृत्य सुरू झाले, तेव्हा मात्र कोणाच्या खोकल्याचाही आवाज आला नाही. सुरुवातीच्या काळात याच ठिकाणी काही प्रेक्षक उठून गेले होते, हे बोर्न यांनीच सांगितलेले आहे.

माझ्या मते या प्रयोगाचे खरे मर्म त्याआधीच्या एका प्रवेशात आहे. राजघराणे नाट्यगृहाच्या सज्जात बसून एक जुन्या वळणाचे, फुलपाखरांचे बॅले पाहत असते. राजपुत्राची मैत्रीण नको तिथे हसते, चुळबुळ करते, तिचा मोबाइल वाजतो, आणि राणी तिच्याकडे असा कटाक्ष टाकते की आपणच खिशातला फोन चाचपून पाहावा. प्रेक्षकाने कसे वागावे याचे दडपण आणि त्या दडपणाचा पोकळपणा, दोन्ही बोर्न यांनी आधी मंचावर मांडून घेतले आहेत. साहजिकच ‘हे खरे बॅले नव्हे’ असे मनाशी म्हणत बसलेल्याला आपले प्रतिबिंब त्या सज्जात दिसू लागते.

मध्यंतरात कॉफीच्या रांगेत अशी तक्रार माझ्या कानी आलीच. हंस झालेली राजकन्या ओडेट नाही, पंजांच्या टोकांवरचे नृत्य नाही, तिचे रूप घेऊन येणाऱ्या ओडिलच्या बत्तीस गिरक्या नाहीत, मग चायकोव्हस्कीचे संगीत तरी कशाला हवे, असा एका गृहस्थांचा सूर होता. त्यांचा विरस मला समजतो. पण ते ज्याला मूळ म्हणत होते, तेही मूळ नव्हेच. १८७७ मध्ये मॉस्कोत झालेल्या पहिल्या प्रयोगाचे फारसे स्वागत झाले नव्हते. आज प्रमाण मानला जातो तो पेटिपा आणि इव्हानोव्ह या नृत्यरचनाकारांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये १८९५ साली, म्हणजे संगीतकाराच्या मृत्यूनंतर, संगीतात फेरफार करून उभा केलेला नवा प्रयोग. त्या गिरक्याही पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेच्या ताकदीमुळे त्यात रुळल्या. संगीत नाटकाच्या बाबतीत एका पिढीची नवलाई पुढच्या पिढीची शुद्धता कशी होते, हे आपण पाहिलेलेच आहे.

उणिवा आहेत. मद्यगृहाचा प्रवेश लांबला आहे आणि तिथली गंमत तीस वर्षांत शिळी झाली आहे. राणी आणि मैत्रीण या दोघींना एकेका छटेपलीकडे काही मिळत नाही. पुरुष पात्रांवर इतकी मेहनत घेणाऱ्या रचनाकाराकडून ही कंजुषी खटकते. नृत्यमेजवानीत काळ्या चामड्याच्या विजारीत येणारा अनोळखी पाहुणा मात्र सगळ्या सभागृहाला खिशात घालतो. त्या प्रवेशानंतर टाळ्या इतका वेळ चालल्या की पुढचे संगीत थोडे बुडाले.

शेवटच्या अंकात हंस राजपुत्राच्या पलंगाखालून सरपटत बाहेर येतात आणि आपल्याच म्होरक्यावर तुटून पडतात. पुढच्या रांगेतली ती मुलगी तेव्हा आजीच्या कुशीत तोंड खुपसून बसली होती. म्हणून आठ-नऊ वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये, असे मी म्हणेन. मी ज्या संकेतस्थळावरून तिकीट घेतले, तिथे पुरुष हंसांचा किंवा या हिंसेचा शब्दानेही उल्लेख नव्हता. तो असता, तर त्या आजीने कदाचित वेगळा प्रयोग निवडला असता. मोठ्यांनी जरूर जावे आणि शक्यतो वरच्या सज्जातली जागा घ्यावी, कारण हंसांचा थवा मोडताना आणि पुन्हा जुळताना जे आकार होतात ते खालून दिसत नाहीत. श्वास ऐकायचा असेल तर मात्र खालच्या पुढच्या रांगांना पर्याय नाही.