समृद्धीवर शहाणी, माजलगाव रोडवर गोंधळलेली

अडासवाली (ADAS, म्हणजे कॅमेरा-रडारने रस्ता बघून चालकाला मदत करणारी यंत्रणा असलेली) गाडी घ्यावी का, असं दुकानात येणारे बरेच जण मला हल्ली विचारतात. आमचं जालन्यात बियाण्याचं होलसेल दुकान आहे. खरिपाच्या आधी माझा मुक्काम गाडीतच असतो. भोकरदन, मंठा, घनसावंगी, गेवराई, माजलगाव, मधूनच पुणे नाहीतर नागपूर. गाडी मीच चालवते, म्हणून एसयूव्ही घेताना वरचं, अडासचं मॉडेल घेतलं. आता दुसरं वर्ष चालू आहे. कंपनीचं नाव इथे घालत नाही. या किमतीच्या बहुतेक गाड्यांत आरशामागे एक कॅमेरा आणि पुढच्या बाजूला एक रडार असाच संच असतो. ओळखीतल्या दोघातिघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आहेत, आणि कौतुक-रडगाणं सगळ्यांचं जवळपास एकच.

शोरूममधला पोरगा म्हणाला होता, "मॅडम, गाडी आपोआप चालते." नाही चालत. शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत, त्यातली ही दोन नंबरची, लेव्हल 2. गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळायला मदत करते, पण लक्ष तुमचं आणि जबाबदारीही तुमचीच. 2021 मध्ये ॲस्टर आणि एक्सयूव्ही 700 आल्या तेव्हापासून आपल्याकडे अडासचा बोलबाला झाला, पण पायरी अजून तीच आहे.

समृद्धीवर मात्र पैसे वसूल. पट्टे ठळक, सहा पदरी रस्ता, आणि दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टरला बंदी. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असाच रस्ता असणार. मर्यादा 120 ची आहे, मी 110 ला क्रूझ लावते, म्हणजे ठरवलेला वेग गाडीच धरून ठेवते. पुढे कंटेनर उजवी लेन धरून 70 ने रांगत असेल तर गाडी आपणहून हळू होते, तो बाजूला झाला की पुन्हा वेग घेते. नागपूरहून परतताना उजवी पोटरी दुखायची, ते बंद झालं. 2025 च्या जूनमध्ये ठाण्याकडचा शेवटचा तुकडा उघडून 701 किलोमीटर पूर्ण झाले, त्यामुळे आता दोन्ही दिशांना ही चैन आहे.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. त्या सरळसोट रस्त्यावर झोप आधीच येते, आणि हे सॉफ्टवेअर ती वाढवतं. आधी निदान पायाला काम होतं. हात काढले की गाडी टुंगटुंग करते म्हणून काही दीडशहाणे स्टिअरिंगला पाण्याची बाटली बांधतात. अशा माणसाच्या गाडीत मी बसणार नाही.

क्रूझमध्ये पुढच्या गाडीपासूनचं अंतर सगळ्यात कमीवर ठेवा असं मला दोघांनी सांगितलं. कारण उघड आहे. अंतर जास्त ठेवलं की त्या जागेत कोणीतरी घुसतो, आपली गाडी मागे सरते, मग दुसरा घुसतो. तरी 100 च्या वेगात मी कमीवर ठेवत नाही. घुसणाऱ्यांना घुसू द्यावं. पुणे काही पळून जात नाही.

आता खाली उतरू. अंबड, शहागड, गेवराई आणि तिथून माजलगाव. हा सगळा गोदाकाठचा, उसाचा पट्टा. हंगामात संध्याकाळनंतर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वरून आणि बाजूंनी ऊस बाहेर आलेला, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ट्रॉली चालती असेल तर माझी गाडी बहुतेक वेळा तिला पकडते, जरा उशिरा. स्क्रीनवर चित्र मात्र उमटेलच असं नाही, कारण उसाच्या भाऱ्याचा आकार कॅमेऱ्याला गाडीसारखा वाटत नसावा. खरी भीती उभ्या ट्रॉलीची. टायर बसलेली, अर्धी रस्त्यावर, मागे चार दगड लावलेले. तिथे क्रूझवर विसंबू नये.

यामागचं कारण मी शोधून वाचलं. समोरची वस्तू किती वेगाने जवळ येते किंवा लांब जाते, हे रडारला फार छान कळतं. पण रस्त्याकडेचे खांब, पाट्या, पुलाचे कठडे हेही सगळे उभेच असतात. त्या प्रत्येकासाठी गाडी ब्रेक मारत बसली तर चालवता येणार नाही, म्हणून उभ्या वस्तूंकडे बरंचसं दुर्लक्ष करायचं असा हिशेब जुन्या काळापासून ठरलेला. मग भार येतो कॅमेऱ्यावर, आणि अंधारात बिनादिव्याची ट्रॉली त्याला काय दिसणार? मॅन्युअलमध्ये हे बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. शोरूममध्ये ते पान कोणी उघडत नाही.

लेन असिस्ट, म्हणजे गाडी पट्ट्यांच्या मधे धरून ठेवणारी सोय, तर त्या रस्त्यांवर मी चढतानाच बंद करते. खड्डा चुकवायला स्टिअरिंग वळवलं की ते उलट ओढतं, जणू खड्ड्यात जायचंच ठरलं होतं. इंडिकेटर देऊन वळवलं तर ओढत नाही, पण खड्ड्याला इंडिकेटर कोण देतं? पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा पुढे बसला की "सेन्सर बंद" असा संदेश येतो. डिकीत फडकं आणि बाटलीभर पाणी ठेवा.

आपोआप लागणाऱ्या ब्रेकबद्दल माझे वडील बोलले ते सांगते. अण्णा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. वडीगोद्रीच्या पुढे एक मोटारसायकलवाला आडवा आला आणि गाडीने माझ्या आधी कचकन ब्रेक लावला. मी खूश. अण्णा मागे वळून बघत होते. मागचा टिप्पर हॉर्न देत अगदी जवळ येऊन थांबला होता.

"माय, ह्याला मागचं दिसतंय का?"

"नाही अण्णा, पुढचंच बघतं."

"मंग निम्मंच शिकलंय. आम्ही ब्रेकवर पाय द्यायच्या आधी आरशात बघायचो."

तो ब्रेक मी तरीही कधी बंद करत नाही. पण अण्णांचा मुद्दा बरोबर आहे.

सुधारणा किती झाली? सर्व्हिसिंगला दोनदा सॉफ्टवेअर नवीन टाकून मिळालं. आधी कोणी मधे घुसला की गाडी उशिरा आणि दणका देऊन थांबायची, आता आधीच पाय सोडल्यासारखी सैल होते. हा फरक खरा आहे, शेजारी बसलेल्यालाही कळतो. बंद केलेला लेन असिस्ट दर वेळी गाडी चालू केली की परत जागा व्हायचा, आता त्याला आठवण राहते. राँग साइडने येणारी मोटारसायकल, उभी ट्रॉली, पुसलेले पट्टे यांत मला काडीचा फरक दिसला नाही. मी प्रगती एकाच गोष्टीवरून मोजते: कोणतं बटण मला अजून बंद करावं लागतं. मोठ्या रस्त्यावर आता एकही नाही, लहान रस्त्यावर होती तेवढीच आहेत.

भाचा अमेरिकेत टेस्ला चालवतो. गल्लीबोळातली वळणंही गाडी स्वतः घेते, असे व्हिडिओ पाठवतो. मस्त वाटतं बघायला. पण 2016 मध्ये टेस्लाचे प्रमुख मस्क म्हणाले होते की 2017 संपायच्या आत गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला आपली आपण जाईल. ते झालं नाही. 2024 मध्ये त्या "फुल सेल्फ-ड्रायव्हिंग" सॉफ्टवेअरच्या नावामागेच "सुपरवाइज्ड", म्हणजे माणसाच्या देखरेखीखाली, असं लागलं, आणि 15 हजार डॉलरपर्यंत गेलेली किंमत त्याच वर्षी 8 हजारांवर आली. 2025 च्या जुलैत मुंबईत बीकेसीला टेस्लाचं शोरूम उघडलं, तेव्हा इथल्या यादीत त्याचे 6 लाख रुपये लावले होते. गडकरी तर चालकांच्या रोजगारासाठी बिनचालकाची गाडी इथे येऊ देणार नाही म्हणतात. अण्णांना ते पटतं. मला वाटतं, अडवायची वेळच इतक्यात येणार नाही.

शेवटी खर्चाचं. समोरच्या काचेला खडी लागून चीर गेली आणि काच बदलावी लागली. कॅमेरा त्याच काचेवर असल्यामुळे तो नव्याने कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणजे त्याची नजर पुन्हा नीट जुळवावी लागते. ते काम जालन्यात झालं नाही, गाडी संभाजीनगरला ठेवावी लागली. विमा काढताना काचेबरोबर कॅलिब्रेशनचा खर्च धरतात का, हे आधीच विचारून लिहून घ्या.