घरच्या वर्कशॉपसाठी इंडक्शन लॅम्प: दिवा चांगला, छत चुकीचं

गॅरेजमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये छोटं वर्कशॉप थाटणाऱ्यांना हल्ली दोन ठिकाणांहून इंडक्शन लॅम्प सुचवला जातो. एक म्हणजे 'एक लाख तास चालतो' असं छापलेली ऑनलाइन जाहिरात. दुसरा भंगारवाला. एखाद्या कारखान्याने हाय-बे (उंच छताचे मोठे दिवे) बदलले की जुने दिवे त्याच्याकडे येतात आणि स्वस्तात मिळतात. निकाल आधीच सांगतो: तीन मीटर उंचीच्या जागेसाठी इंडक्शन लॅम्प नवा विकत घेऊ नये. हातात असलेला, चालू स्थितीतला दिवा मात्र फेकूही नये. असं का, ते समजून घेतलं तर दुसरा कोणताही दिवा निवडतानाही उपयोग होईल.

इंडक्शन लॅम्प ही मुळात ट्यूबलाइटच. आत पाऱ्याची वाफ, काचेला आतून फॉस्फरचा, म्हणजे उजेड देणाऱ्या पावडरीचा, थर. फरक टोकांचा. साध्या ट्यूबच्या दोन्ही टोकांना फिलामेंट असतं, त्यावरचा लेप दर वेळी ट्यूब पेटताना थोडा उडतो, टोकं काळी पडतात आणि एक दिवस ट्यूब फडफडायला लागते. इंडक्शन लॅम्पमध्ये फिलामेंटच नाही. नळीभोवती फेराइटची (चुंबकीय सिरॅमिकची) कडी आणि तिच्यावर कॉइल बसवलेली असते. बॅलास्ट, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, त्या कॉइलला साधारण २५० किलोहर्ट्झचा प्रवाह देतो आणि नळीतला वायू ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीसारखा वागून पेटतो. फिलिप्सने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या क्यूएल दिव्यात कॉइल बल्बच्या पोटात असते आणि वारंवारता २.६५ मेगाहर्ट्झ. ऑसरामच्या एन्ड्युरा जातीत नळी लांबट कडीसारखी आणि फेराइट बाहेर. बाजारात दिसणारे बहुतेक दिवे या दुसऱ्या घडणीचे असतात.

आता 'साठ हजार ते एक लाख तास' या दाव्याकडे बघू. दावा नळीपुरता बऱ्यापैकी खरा आहे, कारण झिजणारा भागच काढून टाकलेला आहे. फॉस्फर मात्र मंदावतोच. साठ हजार तासांच्या सुमारास मूळ उजेडाच्या ७० टक्क्यांच्या आसपास उरतो. पण घरच्या वर्कशॉपमध्ये दिवा रोज तीन तास चालतो असं धरा. वर्षाचे १,०९५ तास झाले. साठ हजार तास भरायला पंचावन्न वर्षं लागतील! तोवर शेडचा पत्राही दोनदा बदललेला असेल. बॅलास्टमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एवढी वर्षं टिकत नाहीत, दिवा बंद असला तरी ते सुकत जातात. ज्या आयुष्यासाठी जास्त पैसे मोजायचे, ते आपल्याकडे वापरलंच जात नाही. बोगद्यात, पुलावर, चोवीस तास चालणाऱ्या गोदामात, जिथे दिवा बदलायला क्रेन आणावी लागते, तिथे हे आयुष्य कामाचं होतं. गॅरेजमध्ये घोडीवर चढलं की दिवा बदलतो.

उजेडाचा हिशेब तर आणखी स्पष्ट आहे. जागा ३ मीटर बाय ५.५ मीटर, म्हणजे १६.५ चौरस मीटर. सर्वसाधारण फिटिंग आणि सुतारकामाला ३०० लक्स हवेत, म्हणजे दर चौरस मीटरवर ३०० ल्युमेन (उजेडाचं माप). गुणाकार ४,९५० ल्युमेन. पण दिव्याचा सगळा उजेड टेबलावर येत नाही. भिंती-छत खातात म्हणून ०.६ ने आणि धूळ व दिव्याचं वय म्हणून ०.८ ने भागायचं. उत्तर येतं साधारण १०,३०० ल्युमेन. वॅटला १०५ ल्युमेन देणाऱ्या २० वॅटच्या पाच एलईडी बॅटन (ट्यूबसारख्या लांब पट्ट्या) लावल्या की १०,५०० झाले, १०० वॅटमध्ये. १५० वॅटचा इंडक्शन लॅम्प १२,००० ल्युमेन देतो, म्हणजे कागदावर पुरून उरतो. पण तो उजेड चहूबाजूंना फेकतो. वर गेलेला उजेड डोममधून (दिव्यावरच्या घुमटासारख्या झाकणातून) परत खाली येताना बराच वाया जातो, काही तर दिव्याच्या स्वतःच्याच नळीवर आदळतो. फिक्श्चरबाहेर (दिव्याच्या पूर्ण जुळणीबाहेर) ७० टक्के आले तरी ८,४०० ल्युमेन. बॅलास्टचा खप धरून वीज साधारण १५७ वॅट. एलईडी बॅटनवर छापलेले ल्युमेन मात्र थेट खालच्या दिशेने बाहेर पडणारे असतात, त्यातून पुन्हा काही वजा करायचं नाही.

वर्षाचा फरक साठेक युनिटचा. युनिटला दहा रुपये धरले तर सहाशे रुपये. फार नाही, हे मान्य. म्हणूनच चालू दिवा फेकू नका म्हणतो. पण 'ऊर्जाबचत' म्हणून नवा इंडक्शन विकणाऱ्याला हा हिशेब जरूर दाखवा. काही विक्रेते ल्युमेनला दीड-दोनने गुणून 'डोळ्याला जाणवणारे ल्युमेन' असा आकडा पुढे करतात. तो गुणक मंद उजेडातल्या दृष्टीसाठीच्या हिशेबातून आलेला आहे. तोच गुणक ६५०० केल्विनच्या (निळसर पांढऱ्या) एलईडीलाही लावता येतो, मग फरक कुठे राहिला? तुलना करायची ती साध्या ल्युमेनचीच.

इंडक्शन लॅम्प एका बाबतीत खरोखर उजवा आहे, आणि ती बाब वर्कशॉपसाठी महत्त्वाची आहे: त्याचा उजेड थरथरत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तांब्याच्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. डोळ्याला कळत नाही, पण फिरत्या यंत्राला कळतं. लेथवर चार जबड्यांचा चक १,५०० आरपीएमने फिरत असेल तर तो सेकंदाला २५ फेरे घेतो, म्हणजे उजेडाच्या दर झोताला बरोबर पाव फेरा. प्रत्येक झोतात जबडे त्याच जागी दिसतात आणि चक उभा असल्याचा भास होतो. तीन जबड्यांच्या चकचं हेच २,००० आरपीएमला होतं. हात पुढे जाण्याचे अपघात असेच होतात. इंडक्शन लॅम्पमध्ये २५० किलोहर्ट्झला फॉस्फरला मंदावायला वेळच मिळत नाही. बॅलास्ट स्वस्तातला असेल तर आतल्या डीसी पुरवठ्यातून थोडी १०० हर्ट्झची लहर शिरते, तरी चोकवाल्या ट्यूबपेक्षा खूपच कमी.

एलईडीवाल्यांनी इथे सावध राहावं. स्वस्त बॅटनमध्ये वेगळा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) नसतो. एलईडीच्याच पट्टीवर एक छोटी आयसी बसवून काम भागवलेलं असतं. बाजारात त्याला डीओबी म्हणतात. त्यातल्या बऱ्याच बॅटन जुन्या ट्यूबइतक्याच थरथरतात. तपासणी दुकानातच करायची. मोबाइलचा कॅमेरा बॅटनच्या अगदी जवळ धरा; स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती बॅटन परत ठेवा. दुसरा मार्ग, बॅटनखाली पेन्सिल जोरात हलवा. सलग पुसट पंखा दिसला तर उजेड स्थिर आहे, वेगवेगळ्या पेन्सिली दिसल्या तर नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत दुकानदार बॅटन लावून दाखवतो, त्यामुळे हे करायला कुणी हरकत घेत नाही. ऑनलाइन मागवताना ही सोय नाही, म्हणून निदान एकच नमुना आधी मागवावा.

बाकी काय बघायचं: खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर-'ने सुरू होणारा क्रमांक, पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर, सर्ज (व्होल्टेजचा अचानक झटका) सहनशक्ती किमान ४ केव्ही आणि बॉडी अॅल्युमिनियमची. प्लास्टिकची बॉडी पत्र्याखाली उन्हाळ्यात तापते आणि एलईडी गरम राहतात. एलईडी एका ओळीत जोडलेले असतात, त्यामुळे एक जळून तुटला की सगळी ओळ अंधारते. लोक समजतात बॅटनच गेली. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० चालतो, पण लाकडाचं पॉलिश किंवा गाडीचा रंग जुळवायचा असेल तर ९० घ्यावा, आणि ६५०० ऐवजी ४००० किंवा ५००० केल्विन. आपल्याकडे दुकानात न विचारता ६५०० च हातात देतात.

उष्णता इंडक्शनचीही शत्रू आहे. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या खाली लगेच जी हवा असते, ती बाहेरच्या तापमानापेक्षा बरीच गरम असते. बॅलास्टच्या लेबलवर एका ठिपक्याशेजारी टी-सी असं लिहून कमाल तापमान दिलेलं असतं. त्या ठिपक्यापाशी तापमान तेवढं भरता कामा नये. कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. म्हणून बॅलास्ट पत्र्याला चिकटवून न लावता भिंतीवर, खाली, हवा लागेल असा लावावा. पण त्यात मेख आहे: बॅलास्ट ते दिवा ही वायर त्या जुळणीचाच भाग असते, उच्च वारंवारतेची. कंपनीने परवानगी दिल्याशिवाय ती कापायची, वाढवायची किंवा गुंडाळी करून ठेवायची नाही. नाहीतर दिवा पेटत नाही, किंवा पेटतो पण बॅलास्ट काही दिवसांत जळतो. दिवा एका कंपनीचा आणि बॅलास्ट दुसऱ्याचा असा संसारही टिकत नाही.

भंगारातून दिवा घेणार असाल तर तीन गोष्टी तपासा. फेराइटच्या कड्यांना तडा आहे का, त्यांची क्लिप घट्ट आहे का. तडा गेला असेल तर दिवा पेटायला कुरकुर करतो आणि बॅलास्टवर ताण येतो. दुसरं, दिवा पेटवून निदान पाच-दहा मिनिटं चालू ठेवायला सांगा. पारा अमाल्गमच्या (दुसऱ्या धातूशी मिसळलेल्या) रूपात असल्यामुळे तो लगेच पेटतो, पण पूर्ण उजेडावर यायला काही मिनिटं घेतो. दहा मिनिटांनंतरही मंद किंवा गुलाबीसर राहिला तर सोडून द्या. तिसरं, शेजारी एएम रेडिओ लावा. जोरात खरखर आली तर बॅलास्टमधली गाळणी (फिल्टर) बिघडलेली आहे किंवा अर्थिंग नाही. फिक्श्चरच्या धातूला अर्थिंग हवंच, इथे 'टू-पिनवर चालतंय की' चालणार नाही.

तो कुठे लावावा? छत पाच-सहा मीटर असेल अशा शेडमध्ये, मध्यभागी, सर्वसाधारण उजेडासाठी. तीन मीटरच्या छताला डोम लटकवला तर दिवा डोक्यापासून हातभर वर येतो, डोळे दिपतात, आणि एकाच जागेवरून उजेड आल्यामुळे व्हाइसवर वाकलं की स्वतःच्याच डोक्याची सावली जॉबवर पडते. वर्कशॉपमध्ये उजेड कमी असल्याच्या निम्म्या तक्रारी खरं तर सावलीच्या असतात. पाच बॅटनचा मोठा फायदा हाच, उजेड पसरून येतो. दोन बॅटन गाडीच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर. गाडीच्या बरोबर वर लावल्या तर टप उजळतो आणि बॉनेट उघडलं की इंजिन अंधारात जातं. दोन बॅटन कामाच्या टेबलावर, पृष्ठभागापासून मीटरभर उंच आणि उभं राहणाऱ्याच्या डोक्याच्या किंचित पुढे, भिंतीच्या बाजूला. पाचवी दाराजवळ. लेथ किंवा ड्रिलला स्वतःचा छोटा दिवा वेगळा द्यावा, ३०० लक्समध्ये व्हर्नियरच्या रेघा वाचताना डोळे शिणतात. लाकूडकामाची धूळ असेल तर आयपी६५ (धूळ-पाणी आत न शिरणारी) बॅटन. कोकणात दमट हवेसाठीही त्याच. दर दोन-तीन महिन्यांनी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

वायरिंगमध्ये वायरमन हमखास एक गोष्ट चुकतो. दिवे आणि सॉकेट एकाच आरसीसीबीवर (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) नकोत. ग्राइंडरची गळती झाली, ३० मिलिअँपची आरसीसीबी पडली आणि त्यासोबत दिवेही गेले, तर ब्लेड अजून फिरत असताना तुम्ही काळोखात उभे असता. दिव्यांना वेगळा ६ अँपचा एमसीबी, १.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि शक्यतो वेगळी आरसीसीबी. वेल्डिंग सेट असेल तर त्याची लाइन बोर्डापासूनच वेगळी काढा. आर्क धरताना-सोडताना येणारे झटके एलईडी ड्रायव्हर आणि इंडक्शन बॅलास्ट दोघांनाही मारतात. लोडशेडिंगच्या गावात एक बॅटन आतल्या बॅटरीची घ्या, यंत्र थांबेपर्यंत तेवढा उजेड पुरतो.

इंडक्शन लॅम्प फुटला तर व्हॅक्यूम क्लीनर किंवा झाडू वापरायचा नाही, त्याने पारा हवेत पसरतो. माणसं बाहेर, दार-खिडक्या उघड्या, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग काचा पुठ्ठ्याने गोळा करून, बारीक कण चिकटपट्टीने उचलून झाकणाच्या बरणीत बंद करायचे. न फुटलेला जुना दिवाही घंटागाडीत जाऊ नये. पारा असलेले दिवे ई-कचरा नियमांत येतात, ते ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्यायचे. भंगारवाल्याला देऊ नका, कारण बऱ्याचदा त्याला फक्त बॅलास्टमधलं तांबं आणि डोमचं अॅल्युमिनियम हवं असतं, आणि नळी तो तिथेच फोडतो.