१६, २५ की ५० व्होल्ट? कपॅसिटर घेण्याआधी

पुण्यातल्या बुधवार पेठेत तापकीर गल्लीतल्या काउंटरवर ‘हजार मायक्रोफॅरड द्या’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: किती व्होल्टचा? आणि हातातल्या सर्किट डायग्रामवर बऱ्याचदा नेमकं तेच लिहिलेलं नसतं.

कपॅसिटरवरचा व्होल्टचा आकडा म्हणजे तो किती सोसेल याची मर्यादा. तो तेवढे व्होल्ट देतो असं मुळीच नाही. म्हणून डायग्राममध्ये त्या जागी जास्तीत जास्त किती व्होल्ट येतील, ते आपणच काढायचं.

नेहमीचा १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय घ्या: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, पुढे ७८१२ म्हणजे स्थिर १२ व्होल्ट देणारा रेग्युलेटर. ‘१२ व्होल्ट’ वाचून १६चा कपॅसिटर पुरेल असं वाटतं, आणि घोटाळा इथेच होतो. ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट आरएमएस, म्हणजे एसीचा एक प्रकारचा सरासरी आकडा, असतात, शिखर १.४१४ पट, म्हणजे १७च्या आसपास. ब्रिजमधले दोन डायोड १.४ खातात, उरतात साधारण १५.६. हा हिशोब पूर्ण लोडचा. लोड काढला की छोटा ट्रान्सफॉर्मर सहज १४ व्होल्ट देतो, मग कपॅसिटरवर १८च्या वर जातात. तिथे १६चा फुगणारच. २५चा घ्या. ३५चाही चालेल. ५०चा लावल्याने सर्किटचं काही बिघडत नाही, पण तो जाडजूड असतो, पीसीबीवरच्या भोकांत बसेलच असं नाही. ते जादा पैसे मी ८५ऐवजी १०५ अंशांच्या कपॅसिटरवर घालीन: तापमान त्या मर्यादेच्या खाली दर दहा अंशांनी उतरलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, आणि बंद डब्यात रेग्युलेटरच्या शेजारी उष्णता असतेच.

७८१२च्या पुढच्या, म्हणजे आउटपुटच्या बाजूला मात्र १६चा बिनदिक्कत लावा. तिथे बाराच व्होल्ट असतात.

सिरॅमिकचं गणित वेगळं. १०४ लिहिलेली ५० व्होल्टची चकती, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, डोळे झाकून घ्या. पण एसएमडीमधला (पायांशिवाय थेट पीसीबीवर डागायचा) १० मायक्रोफॅरडचा एक्स५आर किंवा एक्स७आर हा सिरॅमिकचा प्रकार डीसी व्होल्टेज वाढलं की क्षमता गमावतो. १६ व्होल्टच्या छोट्या तुकड्यावर १२ दिले, तर निम्म्याहून कमी उरू शकते. फुटणार नाही, फक्त कामाला पुरणार नाही. इथे नुसतं रेटिंग वाढवून भागत नाही. आकाराने मोठा घ्या आणि डेटाशीटमधला आलेख बघा. इलेक्ट्रोलिटिकला ही खोड नाही.

राहिली २३० व्होल्टची मेन्स लाइन. तिचं शिखर ३२५, म्हणून ४०० व्होल्ट डीसीचा फिल्म कपॅसिटर चालेल असं कागदावर दिसतं. लावू नका. फेज आणि न्यूट्रलमध्ये फक्त एक्स२ (मेन्सवर लावण्यासाठीचा सुरक्षा वर्ग) छाप असलेला, २७५ व्होल्ट एसीचा. दुकानदार ‘तेच आहे हो’ म्हणाला तरी छाप स्वतः वाचा.