पेशीत बसून पोट कसं भरतात: प्लास्मोडियम आणि टॉक्सोप्लाझ्मा

सोलापुरात पावसाळा सरताना तापाच्या रुग्णाची रक्तपट्टी पाहताना हिवतापाचा परजीवी प्लास्मोडियम शोधायचा असतो. सांगोल्याकडे शेळ्या-मेंढ्या गाभडू लागल्या, तर इतर कारणांबरोबर टॉक्सोप्लाझ्मा या दुसऱ्या परजीवीचीही शंका घ्यावी. दोघेही पेशीच्या आत राहतात, पण रसद वेगळी.

प्लास्मोडियम तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन पचवून अमिनो आम्लं मिळवतो. त्यातून सुटलेलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोह असलेला भाग, त्याला विषारी, म्हणून तो त्याचे स्फटिक करतो. पट्टीवरचे तपकिरी-काळे कण ते हेच. क्लोरोक्वीन हे हिवतापाचं औषध नेमकं हेच स्फटिकीकरण अडवतं. पण प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसीन हे अमिनो आम्ल नसतं. ते आणि पँटोथेनेट, म्हणजे ब५ जीवनसत्त्व, रक्तद्रवातूनच आणावं लागतं. त्यासाठी तो पेशीच्या पडद्यात नव्या वाटा उघडतो. प्रयोगशाळेत त्याला वाढवायच्या द्रवातलं आयसोल्युसीन काढलं, की वाढ खुंटते.

टॉक्सोप्लाझ्माला केंद्रक असलेली जवळपास कोणतीही पेशी चालते. तो स्वतःभोवतीच्या पोकळीच्या पडद्याला छिद्रं पाडून लहान रेणू आत घेतो. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मात्र त्याला बनवता येत नाही. इंटरफेरॉन-गॅमा हा रोगप्रतिकार यंत्रणेचा इशारा मिळताच माणसाच्या अनेक पेशी आपलंच ट्रिप्टोफॅन मोडून टाकतात: घरमालकानं शिधाच जाळावा, तसं.

फोलेट, म्हणजे ब९ जीवनसत्त्व, दोघेही स्वतः बनवतात, आपण अन्नातून घेतो. सल्फा औषध चालतं ते यामुळेच, ते हे बनवणं अडवतं. जोडीचं पायरीमेथामिन फोलेट वापरात आणणारं एन्झाइम अडवतं, आणि तसं एन्झाइम आपल्यातही असतं. टॉक्सोप्लाझ्माच्या उपचारात म्हणून अस्थिमज्जा सांभाळायला सोबत फॉलिनिक आम्ल, म्हणजे फोलेटचं वापरायला तयार रूप, देतात, फॉलिक नव्हे. हिवतापातही सल्फाडॉक्सिन (एक सल्फा औषध) आणि पायरीमेथामिनसोबत रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिलं, तर औषधाचा जोर उतरतो.